इंग्रजी वाक्यात ‘मला’ नेमकं कुठे बसतं?

मराठीत ‘मी’ म्हणजे काम करणारा. इंग्रजीत हाच उच्चार, “मी”, म्हणजे ज्याला कुणी काही दिलं, सांगितलं, बोलावलं तो. म्हणजे आपलं ‘मला’. ‘ही’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बाई येते, इंग्रजीत “ही” म्हणजे ‘तो’. ‘दे’ म्हणत आपण हात पुढे करतो, इंग्रजीत “दे” म्हणजे ‘ते सगळे’. मराठी कानाला हे तीन छोटे शब्द पहिल्या दिवसापासून चकवतात, आणि कुणी ते समजावून सांगितलं नसेल तर पुढची कित्येक वर्षं चकवत राहतात.

मी संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवते. दुकानात काउंटरवर उभी राहणारी मुलं, नर्सिंग करणाऱ्या मुली, सोसायटीच्या ऑफिसात हिशेब बघणारे काका. बहुतेकांची शाळा मराठी माध्यमाची. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. त्याआधी शिकलेल्यांना एबीसीडी पाचवीत भेटली. शब्द मात्र सगळ्यांकडे भरपूर आहेत. “एक्स्प्लेन” माहीत आहे, “सजेस्ट” माहीत आहे. अडतं ते ‘मला’, ‘त्याला’, ‘आम्हाला’ हे शब्द वाक्यात ठेवताना.

मागच्या बॅचमधल्या एका मुलीने साहेबांना पाठवलेला मेसेज मला दाखवला होता. तिच्या परवानगीने इथे देते:

“सर, प्लीज एक्स्प्लेन मी द लीव्ह रूल्स. आय आस्क्ट टू अकाउंट्स मॅडम बट ही सेड मी टू आस्क टू यू.”

साहेबांना अर्थ कळला, सुट्टीही मिळाली. पण या दोन ओळींत पाच चुका आहेत आणि पाचही सर्वनामांच्या आसपासच्या आहेत. हा लेख त्या पाच चुका दुरुस्त करण्यापुरता, आणि त्यांच्या चार-दोन बहिणींपुरता आहे. इंग्रजी वाक्यं मी दुहेरी अवतरणात लिहिली आहेत, म्हणजे “मी” आणि ‘मी’ यांची गल्लत होणार नाही.

पहिली पायरी: जोड्या पक्क्या करा

काम करणारा “आय”, तर ज्याच्यापर्यंत काम पोचतं तो “मी”. तसंच “वुई” आणि “अस”, “ही” आणि “हिम”, “शी” आणि “हर”, “दे” आणि “देम”. “यू” आणि “इट” मात्र दोन्हीकडे तसेच राहतात. आपल्या तू, तुम्ही आणि आपण, तिघांसाठी एकच “यू” आहे. आम्हाला आणि आपल्याला, दोन्हींसाठी एकच “अस”.

खुर्चीला आपण ‘ती’ म्हणतो आणि पंख्याला ‘तो’. इंग्रजीत निर्जीव वस्तू सगळ्या “इट”. हे लवकर अंगवळणी पडतं.

वेळ लागतो तो आदरार्थी बहुवचनाला. आपण वडिलांबद्दल बोलताना ‘त्यांना’ म्हणतो, आणि म्हटलंच पाहिजे. एका विद्यार्थ्याने फोनवर सांगितलं, “माय फादर इज नॉट वेल. आय टुक देम टू द हॉस्पिटल.” पलीकडच्या माणसाने काळजीने विचारलं, आई आणि वडील दोघंही आजारी आहेत का? “देम” म्हणजे एकाहून जास्त माणसं, एवढंच त्याने ऐकलं होतं. इंग्रजीत एका माणसासाठी “हिम” किंवा “हर”. साहेब असोत, आजोबा असोत किंवा राष्ट्रपती असोत. वडिलांना “हिम” म्हणताना जीभ अडखळते हे मला माहीत आहे, पण त्यात अनादर नाही. इंग्रजीत आदर “सर”, “प्लीज”, “कुड यू” अशा शब्दांतून दाखवतात. सर्वनामावर तो भार टाकत नाहीत.

दुसरी पायरी: हे ‘मला’ खरंच “मी” आहे का?

या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

शाळेत आपण पाठ केलं होतं: द्वितीया, स, ला, ते, चतुर्थी, स, ला, ते. दोन विभक्त्या आणि प्रत्यय तेच. हा ‘ला’ मराठीत फार कामं करतो. आई मला हाक मारते, तिथेही ‘मला’. मला भूक लागते, तिथेही ‘मला’. इंग्रजीत या दोन ‘मला’ची घरं वेगळी आहेत.

कसोटी अशी: वाक्यात दुसरं कुणी मुद्दाम काही करतंय आणि ते तुमच्यापर्यंत पोचतंय का? आई हाक मारते. मित्र पैसे देतो. साहेब बोलावतात. अशा वेळी ‘मला’ म्हणजे “मी”: “माय फ्रेंड गिव्ह्ज मी मनी”, “द बॉस कॉल्स मी”. करणारा दुसरा कुणी नसेल, सगळं तुमच्या मनात, शरीरात किंवा नशिबात घडत असेल, तर इंग्रजी वाक्य “आय”ने सुरू होतं.

मला भूक लागली: “आय ॲम हंग्री.”
मला थंडी वाजतेय: “आय ॲम फीलिंग कोल्ड.”
मला आठवतं: “आय रिमेंबर.”
मला पोहता येतं: “आय कॅन स्विम.”
मला उशीर झाला: “आय ॲम लेट.”
मला दोन भाऊ आहेत: “आय हॅव टू ब्रदर्स.”
मला पगार मिळाला: “आय गॉट माय सॅलरी.”
मला तो बाजारात भेटला: “आय मेट हिम इन द मार्केट.”

शेवटच्या वाक्याकडे नीट बघा. मराठीत ‘तो’ होता, इंग्रजीत “हिम” झाला. मराठीत ‘मला’ होतं, इंग्रजीत “आय” झालं. दोघांनी जागा बदलल्या. आवडण्याच्या बाबतीत हेच होतं. मला ती आवडते: “आय लाइक हर.” तिला मी आवडतो: “शी लाइक्स मी.” मराठीतला ‘मी’ इथे इंग्रजीतल्या “मी”वर नेमका येऊन बसतो. मला तुझी आठवण येते: “आय मिस यू.” तुला माझी आठवण येते का? “डू यू मिस मी?” ही वाक्यं रोज मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात म्हणून भागत नाही; जागांची ही अदलाबदल जिभेला कळावी लागते.

इंग्रजी मुळातच अशी वेगळी आहे असं मात्र समजू नका. जुन्या इंग्रजीत ‘वाटणं’ या अर्थाचं वेगळं क्रियापद होतं आणि त्याच्या आधी “मी” लागायचं. “मीथिंक्स” म्हणजे शब्दशः ‘मला वाटतं’. शेक्सपिअरच्या (१५६४–१६१६) नाटकांत हा शब्द आहे. “लाइक” या क्रियापदाचा जुना अर्थही ‘आवडणं’ असाच होता: वस्तू कर्ता, आणि माणूस आपल्या ‘मला’च्या जागी. पुढे इंग्रजीचे प्रत्यय झिजले, कर्ता आधी आणि कर्म नंतर हा क्रम पक्का झाला, आणि ‘मला’ने सुरू होणारी वाक्यं “आय”ने सुरू होऊ लागली. आपल्याकडे ‘ला’ टिकला, म्हणून आपली वाक्यंही टिकली.

एक पोटनियम. ‘मला बोलावलंय’ या वाक्यात करणारा असतो, पण आपण त्याचं नाव घेत नाही. अशा वेळी “मी कॉल्ड” असं मुळीच म्हणू नका. “दे हॅव कॉल्ड मी” म्हणा, किंवा “आय हॅव बीन कॉल्ड” म्हणा. नव्याने शिकताना पहिलं सोपं जातं.

तिसरी पायरी: क्रियापद एकटं पाठ करू नका

“वेट म्हणजे वाट बघणे” असं पाठ केलं की ‘माझी वाट बघ’ म्हणताना तोंडून “वेट मी” येतं. म्हणून क्रियापद पाठ करताना त्याच्या शेपटीला “मी” लावूनच करा. “वेट फॉर मी.” “लुक ॲट मी.” “लिसन टू मी.” “टॉक टू मी.” “डोंट शाउट ॲट मी.”

मराठी प्रत्ययावरून इंग्रजी शब्द ओळखायला जाऊ नका, तो रस्ता दर वेळी नीट पोचवत नाही. आपण म्हणतो माझ्याशी लग्न कर, इंग्रजीत “मॅरी मी”. मध्ये “विथ” नाही. माझ्यावर विश्वास ठेव, “ट्रस्ट मी”. मध्ये “ऑन” नाही. माझ्या मागे या, “फॉलो मी”. आणि मला विचार, “आस्क मी”. मध्ये “टू” नाही. वरच्या मेसेजमधलं “आस्क टू यू” म्हणूनच चुकलं.

“से” आणि “टेल” यांच्यापाशी थोडं थांबू, कारण वर्गात सगळ्यात जास्त चुका इथे होतात. मराठीत ‘तो मला म्हणाला’ आणि ‘त्याने मला सांगितलं’ ही दोन्ही वाक्यं शंभर टक्के बरोबर आहेत. त्यामुळे “ही सेड मी” म्हणताना आपल्याला काही खटकत नाही. इंग्रजीत “टेल”ला माणूस लागतो, तोही अगदी खेटून: “ही टोल्ड मी.” “से”ला शब्द पुरतात: “ही सेड दॅट द शॉप वॉज क्लोज्ड.” माणूस आणायचाच असेल तर मध्ये “टू” हवा: “ही सेड इट टू मी.” बोलताना शंका आली तर स्वतःला विचारा, क्रियापदाच्या लगेच पुढे माणूस येतोय का? येत असेल तर “टेल”. खरं सांगणं, खोटं सांगणं, गोष्ट सांगणं अशा काही ठिकाणी “टेल” माणसाशिवायही चालतं: “टेल द ट्रुथ.”

आता “एक्स्प्लेन”. “टेल मी”, “शो मी”, “गिव्ह मी” बरोबर, मग “एक्स्प्लेन मी” का चूक? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर इतिहासात आहे. टेल, शो, गिव्ह, सेंड ही इंग्रजीची घरची क्रियापदं. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, आणि पुढच्या काही शतकांत फ्रेंच आणि लॅटिनमधून शब्दांची रीघ लागली. एक्स्प्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब, रिपोर्ट, इन्ट्रोड्यूस हे त्या पाहुण्यांपैकी. बहुतेक पाहुण्या क्रियापदांनी माणसाला थेट शेजारी बसवण्याची घरची रीत उचलली नाही. त्यांना मध्ये “टू” लागतो. “एक्स्प्लेन इट टू मी.” “डिस्क्राइब हिम टू मी.” “इन्ट्रोड्यूस मी टू हर.” अपवाद आहेत, “ऑफर मी” आणि “प्रॉमिस मी” चालतात. तरी अंदाज बांधायला ही खूण चांगली आहे: शब्द लांब आणि पुस्तकी वाटला की “टू” आठवा.

चौथी पायरी: वस्तू आणि माणूस, दोन्ही एका वाक्यात

मला किल्ली दे. किल्ली मला दे. दे मला किल्ली. कसंही म्हणा, ‘ला’ माणसाला धरून आहे, म्हणून अर्थ हलत नाही. इंग्रजीत धरून ठेवणारा प्रत्यय नाही. तिथे जागा बोलते.

माणूस आधी असेल तर “टू” नको: “गिव्ह मी द की.” वस्तू आधी असेल तर “टू” हवा: “गिव्ह द की टू मी.” दोन्ही बरोबर. पण किल्लीचं नाव न घेता “इट” म्हणायचं असेल तर दुसरीच रचना घ्या: “गिव्ह इट टू मी.” इंग्लंडच्या काही भागांत लोक “गिव्ह इट मी” असंही म्हणतात, पण तुम्ही शिकताना “गिव्ह इट टू मी” हेच पक्कं करा. जगात कुठेही चालतं.

वस्तू एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात असेल तर “टू”: गिव्ह, सेंड, शो, पास, लेंड. कुणासाठी कष्ट घेतले असतील तर “फॉर”: मेक, बाय, कुक, गेट. “मेक मी सम टी” किंवा “मेक सम टी फॉर मी”. “ही बॉट मी अ साडी” किंवा “ही बॉट इट फॉर मी”.

पाचवी पायरी: “इट” गिळू नका

‘डबा घेतलास?’ ‘घेतला.’ ‘सिनेमा आवडला?’ ‘आवडला.’ मराठीत क्रियापद स्वतःच सांगतं की घेतला तो डबाच, म्हणून डबा पुन्हा काढावा लागत नाही. इंग्रजी क्रियापदाला लिंग नाही, वचनही नावापुरतंच. म्हणून तिथे रिकामी जागा “इट”ने भरावी लागते. “डिड यू टेक द टिफिन?” “येस, आय टुक इट.” “आय लाइक्ड इट.” “आय फिनिश्ड इट.” नुसतं “आय लाइक्ड” म्हटलं तर समोरचा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो.

आपल्याकडे सहलीहून आलेल्याला “डिड यू एन्जॉय?” विचारतात. त्यातही “इट” हवं, किंवा “डिड यू एन्जॉय युवरसेल्फ?”. मात्र “आय नो”, “आय रिमेंबर”, “आय अंडरस्टँड”, “आय फरगॉट” ही एकटी उभी राहू शकतात.

सहावी पायरी: दुसऱ्याने काहीतरी करावं असं वाटतं तेव्हा

‘मी नर्स व्हावं असं आईला वाटतं.’ या वाक्याचं इंग्रजी करताना जवळजवळ सगळे “माय मदर वॉन्ट्स दॅट आय...” असं सुरू करतात. चूक का होते ते समजून घ्या: मराठीत ‘मी’ कर्ता आहे, वाक्याच्या पहिल्याच जागी आहे. इंग्रजी मात्र आईला कर्ता करते आणि मला तिच्या इच्छेचं कर्म करते: “माय मदर वॉन्ट्स मी टू बिकम अ नर्स.”

साचा असा: कोण, क्रियापद, “मी”, “टू”, आणि पुढे साधं क्रियापद. “ही टोल्ड मी टू वेट.” “शी आस्क्ट अस टू सिट.” “दे अलाउड हिम टू गो.” काळ पहिल्या क्रियापदाला लागतो, “टू”नंतरचं क्रियापद हलत नाही, म्हणजे “टू वेटेड” कधीच नाही. नकार द्यायचा तर “टू”च्या आधी “नॉट”: डॉक्टरांनी मला भात खाऊ नको म्हणून सांगितलं, “द डॉक्टर टोल्ड मी नॉट टू ईट राइस.”

दोन क्रियापदं या साच्यात “टू” घेत नाहीत. एक “लेट”, म्हणजे आपलं ‘जाऊ दे’मधलं ‘दे’: “लेट मी गो.” दुसरं “मेक”. मराठीत हसणे-हसवणे, रडणे-रडवणे असं एका अक्षराने काम होतं, इंग्रजीत दोन क्रियापदं लागतात आणि सर्वनाम त्यांच्या मध्ये बसतं: “शी मेड मी लाफ.” “हेल्प” दोन्ही रीती पाळतं: “हेल्प मी लिफ्ट इट” किंवा “हेल्प मी टू लिफ्ट इट”.

“लेट अस गो” या तीन शब्दांचे दोन अर्थ होतात. एक ‘चला, जाऊ या’, दुसरा ‘आम्हाला जाऊ द्या’. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे असल्याने आपल्याला हा घोळ माहीतच नाही. बोलताना मात्र तो सुटतो: चला म्हणायचं असेल तर इंग्रजी माणूस “लेट्स गो” असं आखडून म्हणतो.

“सजेस्ट” या साच्यात बसत नाही. “ही सजेस्टेड मी टू गो” असं आपल्याकडे ऑफिसांत सर्रास लिहितात. त्याऐवजी “ही ॲडव्हाइज्ड मी टू गो” लिहा, अडचणच मिटते.

सातवी पायरी: “टर्न इट ऑफ”

पंखा बंद कर: “टर्न ऑफ द फॅन” किंवा “टर्न द फॅन ऑफ”. दोन्ही चालतात. पण ‘तो बंद कर’ म्हणायचं तर फक्त “टर्न इट ऑफ”. “टर्न ऑफ इट” नाही. सर्वनाम हलकं असतं, आणि वाक्याचं शेवटचं वजनदार टोक इंग्रजी त्याला सहसा देत नाही. म्हणून ते मध्ये सरकतं: “वेक मी अप”, “पिक हर अप ॲट द स्टेशन”, “कॉल मी बॅक”, “फिल इट इन” म्हणजे फॉर्म भर, “ट्राय इट ऑन” म्हणजे घालून बघ.

काही जोड्या तुटत नाहीत: “लुक आफ्टर हर”, “लुक फॉर इट”, “गेट ऑन इट”. ओळखायची युक्ती अशी: आधी नाम घेऊन जोडी तोडून बघा. “टर्न द फॅन ऑफ” कानावर पडलेलं असतं. “लुक द बेबी आफ्टर” कुणीच म्हणत नाही. नाम मध्ये बसत नसेल तर सर्वनामही बसत नाही.

ऐकताना

बोलणारे ही सर्वनामं गिळतात. “टेल हिम”चं “टेलिम” होतं, “आस्क हर”चं “आस्कर”, “गिव्ह मी”चं “गिमी”. “टेल देम” बरेचदा “टेलम” ऐकू येतं. हा ‘म’ आळसातून आलेला नाही. इंग्रजीत ‘त्यांना’साठी पूर्वी “हेम” असा शब्द होता, “देम” नंतर उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन लोकांकडून आला, आणि जुना “हेम” बोलण्यात असा उरला. बातम्या किंवा क्रिकेटचं समालोचन ऐकताना फक्त हे गिळलेले शब्द पकडायचे असं ठरवून रोज पाच मिनिटं ऐका. बाकी काही कळलं नाही तरी चालेल.

सराव

एक वही करा. रोज पाचच क्रियापदं घ्या आणि प्रत्येक चार वेळा लिहा: “वेट फॉर मी, वेट फॉर हिम, वेट फॉर हर, वेट फॉर देम.” मग तेच भूतकाळात: “आय वेटेड फॉर देम.” मग त्या दिवशी घरात खरोखर बोललेलं एक मराठी वाक्य घ्या, त्यात ‘ला’ शोधा आणि दुसऱ्या पायरीतली कसोटी लावा. ‘आजीला औषध दिलंस का?’ ‘बाळाला झोप आली.’ पहिल्यात देणारा आहे, म्हणून “डिड यू गिव्ह हर द मेडिसिन?”. दुसऱ्यात कुणीच काही करत नाही, म्हणून “द बेबी इज स्लीपी”. पुस्तकातल्या वाक्यांपेक्षा घरातली वाक्यं लवकर मुरतात, हा माझा अनुभव आहे.

त्या मुलीने तीन आठवडे वही लिहिली. मग मी तिला तोच जुना मेसेज पुन्हा लिहायला सांगितला. तिने लाल पेनाने पाच ठिकाणी खुणा केल्या आणि खाली निळ्याने लिहिलं:

“सर, प्लीज एक्स्प्लेन द लीव्ह रूल्स टू मी. आय आस्क्ट द अकाउंट्स मॅडम, बट शी टोल्ड मी टू आस्क यू.”